गाडीचा आवाज बदलला? आधी गॅस्केट पाहा



गोठ्यातली गाय रात्री वेगळ्या सुरात हंबरली, तर घरातली म्हातारी अंथरुणात उठून बसते. विहिरीवरची मोटर वेगळी घुमू लागली, की शेतकरी बांधावरूनच ओळखतो. पाणी तुटले, नाहीतर फूटव्हॉल्व्हमध्ये काही अडकले. पण दारातली मोटारसायकल महिना महिना फट्फट् करीत राहते आणि तिच्याकडे कोणी कान देत नाही. "जुनी झाली, आता वाजायचीच," असे म्हणून आपण किक मारतो आणि निघतो. आजचे लिखाण या आवाजाविषयी आहे.

त्याचे असे झाले. ऊसतोडणीचे दिवस होते. राहुरीहून वांबोरीकडे जाताना एका वस्तीवर थांबलो होतो. खोडव्यातले पाचट जाळू नका, सरीत कुजवा, असे नेहमीचे बोलणे चालले होते. एवढ्यात घरचा मुलगा डेअरीला दूध घालून परत आला. गाडीच्या दोन्ही अंगांना रिकामे कॅन लटकत होते. गाडी अजून वळणावर होती, तरी आमचे बोलणे थांबले, कारण एकमेकांचे ऐकूच येईना.

"साहेब, इंजिनाचं काम निघालंय म्हणतात. सात-आठ हजार सांगितलेत. उसाचं पेमेंट आलं की करू म्हटलं," तो म्हणाला.

गाडी बंद करायला लावून मी खाली बसलो. इंजिनाला जिथे सायलेन्सरचा वाकडा पाईप जोडलेला असतो, तिथे काजळीचा काळा फराटा उमटला होता. इंजिन धूर टाकीत नव्हते, ताकदही ठीक होती. गेली होती ती त्या जोडातली गॅस्केट. तान्ह्या बाळाच्या वाळ्याएवढी एक कडी! छोट्या गाडीची ही कडी चहा-भज्यांच्या पैशात मिळते आणि बसवायला तासभर लागतो.

त्या मुलाला जे सांगितले, तेच आज सविस्तर लिहितो.

गॅस्केट करते काय?

विहिरीवर पाईपलाईन जोडताना दोन फ्लँजच्या मध्ये रबराचे पॅकिंग घालतो. ते नसले, तर बोल्ट कितीही आवळले तरी जोडातून पाण्याची चिळकांडी उडतेच, कारण लोखंडाची दोन तोंडे डोळ्यांना सपाट दिसली तरी एकमेकांना पुरती चिकटत नाहीत. मधल्या फटी भरून काढायला मऊ वस्तू लागते.

मोटारसायकलीचेही तसेच आहे. पेट्रोल जळून झालेला धूर सिलिंडरच्या हेडमधून बाहेर पडतो आणि बेंड पाईपातून सायलेन्सरमध्ये जातो. हेड आणि पाईप यांच्या जोडात गॅस्केट असते. इथला वायू कित्येक शे अंश तापलेला असतो, म्हणून रबर चालत नाही. तांब्याची पोकळ कडी किंवा पत्र्याच्या आवरणात ग्रॅफाइट भरलेली कडी वापरतात. नट आवळले की ही कडी चेपते आणि फटी बुजवते.

यातच एक गोष्ट दडलेली आहे. एकदा चेपलेली कडी पुन्हा फुगत नाही. म्हणून पाईप कोणत्याही कारणाने काढला, की गॅस्केट नवी घालावी. जुनीच "अजून बरी दिसते" म्हणून परत बसवली, तर पंधरा दिवसांत पुन्हा फट्फट् सुरू होते, आणि माणूस म्हणतो, "बदलून पण काही फरक पडला नाही."

गेली हे ओळखावे कसे?

पहिली खूण आवाजाची. सकाळी इंजिन थंड असताना टक्-टक् किंवा फट्-फट् असा कोरडा आवाज पुढून, इंजिनाजवळून येतो. मागून, सायलेन्सरच्या शेपटाकडून नव्हे. गाडी तापली की धातू प्रसरण पावतो, फट थोडी मिटते आणि आवाज कमी होतो. त्यामुळेच माणूस फसतो. गावाबाहेर पडेपर्यंत आवाज कमी झाला, म्हणजे गाडी बरी झाली असे त्याला वाटते.

दुसरी खूण काजळीची. जोडाभोवती काळा फराटा दिसतो. तिसरी खूण उतारावरची. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की फटाक्यासारखे बार निघतात. फटीतून बाहेरची हवा पाईपात ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल तिथे पेट घेते, त्याचे ते बार.

खात्री करायची असेल तर इंजिन पुरते थंड असताना जोडावर साबणाचे दाट पाणी लावावे आणि गाडी सुरू करून लगेच पाहावे. गळत असेल तिथे फेस उडतो. सायकलचे पंक्चर पाण्यात शोधतो, त्यातलाच हा प्रकार. हे काम उघड्या अंगणात करावे. हाताने चाचपून मात्र पाहू नये. त्या जोडातून निघणारा झोत क्षणात कातडी भाजतो.

बऱ्याच गाड्यांत बेंड पाईप आणि मागचा डबा वेगळे असतात. तिथेही एक जोड आणि एक पट्टा असतो. आवाज तिथून येत असेल तर पुढची गॅस्केट बदलून उपयोग नाही. आधी गळती कुठे आहे ते पाहावे, मग पाना हातात घ्यावा.

मला शिकवणारी सकाळ

आता एक स्वतःची चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली नाही तर या लिखाणाला अर्थ नाही.

पंचवीस एक वर्षे झाली असतील. आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. माझ्याकडे जुनी घेतलेली चार स्ट्रोक गाडी होती. चोरीच्या भीतीने रात्री ती ओसरीत घेत असू. पौषातली थंडी, दारे-खिडक्या बंद. गाडी सकाळी लवकर सुरू होत नसे, म्हणून चोक ओढून दहा मिनिटे तशीच चालू ठेवायची आणि तोवर आपली दाढी उरकायची, असा माझा रोजचा परिपाठ. धूर घरात नको म्हणून मी शहाणपणाने गाडीचे शेपूट दाराकडे ठेवी आणि दाराचे एक फळकूट उघडे ठेवी. सायलेन्सरचे तोंड बाहेर, मग घरात धूर येईलच कसा?

पण गॅस्केट गेलेली होती. महिनाभर गाडी फट्फट् करीत होती आणि मला त्या आवाजाची सवय झाली होती. शेपूट दाराबाहेर होते, पण धुराचा एक वाटा पुढच्या जोडातूनच ओसरीत पडत होता. त्या ओसरीला लागूनच आतल्या खोलीत मुलगी निजलेली असे. पाच वर्षांची होती.

एके दिवशी ती उठली तीच डोके धरून. उभी राहिली आणि भेलकांडली. मग उलटी झाली. ताप नव्हता. आम्हाला वाटले, रात्रीचे काही बाधले असेल. तिला उचलून दवाखान्यात नेले. वाटेत वारा लागला तशी ती जरा सावध झाली. डॉक्टरांनी तपासले आणि खाण्यापिण्याचे विचारण्याआधी विचारले, "घरात शेगडी पेटवली होती का? काही धूर?" मी नाही म्हणालो. मग मलाच आठवले, आणि पायाखालची जमीन सरकली.

मुलगी दुपारपर्यंत खेळू लागली. पण मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहा, रिकामा डबा मुलांच्या हाती देऊ नका, असे गावोगाव सांगत फिरणारा मी कृषी पदवीधर. आणि माझ्याच ओसरीत, माझ्याच हाताने, रोज सकाळी विष सोडीत होतो.

या विषाचे नाव कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल, कोळसा, लाकूड अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. चोक ओढलेल्या थंड इंजिनातून तो अधिक निघतो, कारण तेव्हा पेट्रोल जास्त आणि हवा कमी असते. त्याला रंग नाही आणि वासही नाही. धुराचा वास येतो तो त्यातल्या इतर वायूंचा. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, गुंगी येते. निजलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि हृदयविकाराचे रोगी यांना त्याचा धोका अधिक.

असे काही झाले तर इंजिन बंद करावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध असेल तर १०८ ला फोन करावा. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना दाखवावेच, आणि धुरात होतो हे आवर्जून सांगावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गॅस्केट नवी असली, तरी बंद जागेत गाडी चालू ठेवू नये. गाडी ढकलत अंगणात आणावी आणि मगच सुरू करावी. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे हाही याच वायूला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे.

आणखी दोन नुकसाने

पहिले नुकसान आगीचे. आम्ही सांगतो पाचट जाळू नका, आणि तुम्ही ते ऐकून रानात पसरता. छान करता. पण त्याच वाळल्या पाचटात गरम गाडी नेऊन उभी केली तर काय होईल? खळ्यावर भुसा, कडब्याच्या गंजीला टेकवलेली गाडी, हे रोज दिसते. चांगल्या गाडीचा बेंडसुद्धा तापलेला असतो. गॅस्केट गेलेली असेल तर उघड्या फटीतून तप्त झोत आणि कधी ज्वाळेची जीभही बाहेर येते. गाडी गंजीपासून लांब, मोकळ्या मातीवर उभी करावी. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारे यंत्र असते. तेही खूप तापते. तेव्हा नवी गाडी आहे म्हणून गाफील राहू नये.

दुसरे नुकसान पैशाचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमाच्या गाड्या विकल्या जातात. त्यांच्या धुराच्या पाईपात, इंजिनाजवळ, प्राणवायू मोजणारा एक सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला यावरून पेट्रोल किती सोडायचे ते गाडी ठरवते. गॅस्केटच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सर फसतो. त्याला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि गाडी जास्त पेट्रोल सोडू लागते. ॲव्हरेज घटते, कधी मीटरवर पिवळा दिवा लागतो, आणि आपण पेट्रोल पंपावाल्याला दोष देतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत सेन्सर नसतो, पण तिथेही सैल पाईप हादरून हादरून हेडमधल्या स्टडचे आटे खातो. मग खरोखरीच हजाराचे काम निघते.

आता कामाला लागू

साहित्य थोडेच आहे. आपल्या गाडीचे नाव, मॉडेल आणि साल सांगून आणलेली नवी गॅस्केट. गोटी पाना किंवा रिंग पाना; बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या नटांना दहा नंबरचा लागतो, काहींना बारा. मागच्या बोल्टाला मोठा पाना. तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, जुने धडके, बॅटरी आणि गंज सोडवणारे तेल. नट फार गंजलेले असतील तर नवे नट आधीच आणून ठेवावेत.

आदल्या संध्याकाळी गाडी निवाली की पुढच्या दोन्ही नटांवर आणि स्टडच्या उघड्या आट्यांवर तारेचा ब्रश मारावा आणि तेल सोडावे. रात्रभर ते मुरू द्यावे. वाळलेल्या जमिनीत नांगर घालण्याआधी आपण ओल देतो ना? तसेच हे. गरम पाईपावर तेल टाकू नये.

काम सकाळी करावे, इंजिन पुरते थंड असताना. त्यामागे हात भाजू नयेत हा विचार आहेच. शिवाय हेड ॲल्युमिनियमचे आणि स्टड लोखंडाचा. गरम असताना जोर केला तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे स्टडबरोबर उपटून येतात. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावावी, चावी काढून ठेवावी.

मागचा बोल्ट आधी थोडा ढिला करावा, काढू नये. मग पुढचे नट. एक नट पाव फेरा सोडावा, मग दुसरा पाव फेरा. नट कुरकुरला तर जोर करू नये. थोडा परत आवळावा, पुन्हा तेल द्यावे, पुन्हा सोडावा. अडलेल्या बैलाला पराणी टोचून गाडी निघत नाही, थोडी मागे घेतली की निघते. पुढचे नट निघाले की सायलेन्सरखाली वीट किंवा लाकूड द्यावे, नाहीतर घरातल्या कोणाला धरायला लावावे, आणि मग मागचा बोल्ट काढावा. पाईप सरळ पुढे ओढून काढावा. सेन्सर असलेल्या गाडीत त्याच्या तारेला हिसका बसता कामा नये. तिची जोडणी आधी सोडवून घ्यावी. काही गाड्यांत पाईपाच्या गळ्यात दोन अर्धगोल कड्या असतात, त्या मातीत पडतात आणि सापडत नाहीत. खाली धडके अंथरून ठेवावे.

आता आत बॅटरी मारून पाहावे. जुनी गॅस्केट हेडच्या खोबणीत इतकी घट्ट बसलेली असते, की ती हेडचाच भाग वाटते. कित्येक जण तिच्यावरच नवी घालतात. मग पाईप नीट बसत नाही आणि गळती तशीच राहते. छोट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिची कड हलके हलके उचलावी. खोबणीची बसकण ॲल्युमिनियमची आहे, तिच्यावर ओरखडा उठू देऊ नये. त्याआधी भोकात धडक्याचा बोळा घालावा, म्हणजे काजळी आत, व्हॉल्व्हपाशी जाणार नाही. आणि काम झाल्यावर तो बोळा आठवणीने काढावा! त्याचे टोक बाहेर लोंबते ठेवले तर विसर पडणार नाही.

बसकण, पाईपाचे तोंड आणि स्टडचे आटे साफ करावेत. पाईपाच्या ओठाला तडा गेला असेल किंवा गंजून तो पातळ झाला असेल, तर नुसती गॅस्केट बदलून भागत नाही. पाईप वेल्डिंगला न्यावा.

इथे जुन्या गाड्यांविषयी एक इशारा. पूर्वीच्या गॅस्केटींत ॲस्बेस्टॉस भरलेले असे. त्याचा बारीक कोंडा फुफ्फुसात गेला तर वर्षांनंतर दुर्धर आजार होतात. राजदूत, येझदीसारखी जुनी गाडी घरात असेल, तर तिची जुनी गॅस्केट कोरडी घासू नये, फुंकर मारू नये. पाण्याने ओली करून काढावी, ओल्या फडक्याने पुसावे आणि सारे पिशवीत बांधून टाकावे. येझदी, जावा या गाड्यांना पुढे दोन नट नसून आट्यांची एक मोठी रिंग असते. ती छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवू नये. तिचा वेगळा पाना असतो, तो मेकॅनिककडून मागून आणावा.

बसवताना घाई नको

नवी गॅस्केट खोबणीत ठेवली की ती गळून पडते. मागे ग्रीसचे दोन ठिपके लावावेत, म्हणजे चिकटून राहते. पाईप सरळ लावावा. पुढचे दोन्ही नट आधी बोटांनीच फिरवावेत. मागचा बोल्टही बोटांनीच घालावा. अजून काहीच आवळायचे नाही.

आता पुढचे नट आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा आवळावेत. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आपण समोरासमोरचे आवळत जातो; एक पुरता आवळून मग दुसरा घेतला तर चाक वाकडे बसते. इथेही तसेच होते. कडी एका अंगाला चेपते आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. दोन्ही नटांपुढे स्टडची किती टोके दिसतात ते पाहावे. सारखी दिसली म्हणजे पाईप सरळ बसला.

पुढचे नट आवळून झाल्यावर शेवटी मागचा बोल्ट आवळावा. हा क्रम उलटा झाला तर पाईप मागून ओढला जातो, तोंड वाकडे राहते आणि नवी गॅस्केट महिनाभरात जाते.

किती आवळावे? हा खरा प्रश्न. आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, तो प्रमाण मानावा. साधारण अंदाज असा, की दहा नंबरच्या नटाला वीतभराहून छोटा पाना लावला तर त्याच्या टोकाला सहा-सात किलो वजनाएवढा जोर पुरतो. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. पान्याला पाईप घालून आवळणारे पैलवान फार. त्यांचे स्टड तुटतात. नट आवळताना घट्ट होत होत एकदम सैल वाटला, तर समजावे आटे गेले, तिथेच थांबावे.

स्टड तुटलाच तर घरी छिद्र पाडायला बसू नये. ड्रिलचे टोक लोखंड सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरते आणि हेड कायमचे जाते. चांगल्या वर्कशॉपमध्ये तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून स्टड फिरवून काढतात किंवा नवे आटे पाडून देतात. अर्धे काम आपण केले आणि उरलेल्याला मेकॅनिक लागला, यात कमीपणा नाही.

सारे जुळले की गाडी अंगणात सुरू करावी. ग्रीस आणि तेल जळून पहिली काही मिनिटे थोडा धूर येईल, त्याला भिऊ नये. पुढून फट्फट् येत नसेल तर काम झाले. दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना, नट पुन्हा एकदा तपासावेत. तापून निवल्यावर कडी आणखी थोडी बसते आणि नट किंचित सैल झालेले आढळतात.

गेली का, तेही पाहावे

गॅस्केट बदलून थांबू नये. ती का गेली? दुधाच्या गाड्यांत बहुधा कारण मागे असते. कॅनांचे ओझे, खड्ड्यांचा रस्ता, त्याने मागचा बोल्ट सैल होतो, नाहीतर त्याचे रबर झिजते. मग सगळ्या सायलेन्सरचा भार पुढच्या त्या एवढ्याशा कडीवर येतो. महिन्यातून एकदा, थंड गाडीचा सायलेन्सर हाताने हलवून पाहावा. हलला तर मागचा बोल्ट पाहावा. तसेच शेतातून आल्या आल्या तापलेल्या इंजिनावर पाण्याचा पाईप सोडू नये. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखे होते, आणि नट-स्टड गंजायलाही तेच कारण होते.

एक सूचना घरातल्या माता-भगिनींना. गाडी घरी आली की तिचा सायलेन्सर भिंतीच्या बाजूला राहील असे पाहावे. लहान मुलांच्या पोटऱ्या त्याच्याच उंचीवर असतात. भाजलेच तर हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी, बर्फ लावू नये. मोठा फोड असेल, किंवा तोंडाला, हाताला, सांध्यावर भाजले असेल तर दवाखाना गाठावा.

त्या वस्तीवरच्या मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस्केट बदलली. नट सोडताना धरायला त्याची आई बसली होती. मागचा बोल्ट खरेच निम्मा सैल निघाला. पुढल्या वेळी गेलो तेव्हा खुशीत होता, पण एक तक्रारही होती.

"साहेब, आधी गाडी वळणावर आली की आई चहा ठेवायची. आता मी दारात येऊन उभा राहतो, तरी तिला कळत नाही!"

आईने हसून चुलीवर आधण ठेवले. मी बाहेर पाहिले. गाडी गंजीपासून लांब, उघड्या मातीवर उभी होती. मला तेवढे पुरे होते.

आज संध्याकाळी आपापल्या गाडीच्या पुढच्या जोडापाशी बॅटरी मारून पाहा. काळा फराटा दिसला तर उद्यावर ढकलू नका.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, राहुरी